मेंदू वेगळा, जाहिरात तीच

सध्या पुण्या-मुंबईत साधा मेंदू असलेला माणूस सापडणं मुश्कील झालंय. ज्याला विचारावं तो न्यूरोडायव्हर्जंट. पेनं रंगानुसार लावणारी म्हणते, माझं थोडं ओसीडी आहे. मीटिंगमध्ये जांभया देणारा एडीएचडीवर बिल फाडतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला दांडी मारणारा स्वतःला परस्पर ऑटिझमच्या 'स्पेक्ट्रम'वर बसवून घेतो. (ती सभा टाळणं हे खरं तर मेंदू शाबूत असल्याचं लक्षण.)

हा शब्द चैनीसाठी जन्मला नव्हता. ज्युडी सिंगर या ऑस्ट्रेलियन बाईंनी १९९८ साली आपल्या प्रबंधात न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार मांडला. तेव्हा बोलणं बहुतेक ऑटिझमपुरतंच होतं. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅसियान असासुमासू या ऑटिस्टिक कार्यकर्तीनं 'न्यूरोडायव्हर्जंट' आणला, तो दार रुंद करायला. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया, अपस्मार, ज्यांचा मेंदू नेहमीच्या वाटेनं चालत नाही ते सगळे आत या. हे निदान नव्हे. डॉक्टर अशी चिठ्ठी देत नाहीत, आणि मानसोपचारातल्या डीएसएम या जाडजूड ग्रंथातही या नावाचा आजार नाही.

दार रुंद झालं आणि हौशी मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसली. 'अहो, आपण सगळेच थोडेथोडे तसे असतो' हे त्यांचं लाडकं वाक्य. वरून प्रेमळ, आतून खाष्ट. सगळेच तसे, तर मग तुझ्या मुलालाच परीक्षेत जादा वेळ कशाला?

चाळिशीत निदान झालेल्या बाया यात धरू नका. शाळेत त्यांना धांदरट म्हणून मोडीत काढलं होतं, त्यांना हा शब्द उशिरा का होईना मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चुळबुळ्या पोराला अजून मिळालेला नाही. त्याच्या वाट्याला 'ढ', 'आगाऊ' आणि वर्गाबाहेरचे अंगठे.

मिळाला तरी कागदावर तो चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. सरकारी नोकरीतलं आरक्षण हवं तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणा. एवढं करून ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून जागा किती? एक टक्का.

खासगी कंपन्यांचं मन मात्र मोठं. वर्षातून एक आठवडा रंगीत फलक, पाहुण्यांचं भाषण, समोसे. पुढच्या सोमवारी मुलाखती. नजरेला नजर देत नाही म्हणून उमेदवार बाद, मग तो कोड कितीही चोख लिहो. निवडला गेलाच तर बसायला भिंती नसलेलं, दिवसभर गजबजलेलं ऑफिस. हेडफोन लावले की 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा.

तेव्हा एचआरवाल्यांनो, फलक खुशाल लावा, समोसेही खा. पण आधी नोकरीच्या जाहिरातीतली 'मल्टिटास्किंग आणि उत्तम संवादकौशल्य आवश्यक' ही ओळ खोडा. गोदामातला हिशेब तपासायला ती लागत नाही.