उतरवणाराच रडतोय

इंदूरच्या रामबागेतल्या आत्याला मी मोबाइलवर कंट्री गायक जिमी रॉजर्स ऐकवला, चूक माझीच. आत्या गाणं नुसतं ऐकत नाही, त्याचा अर्थ विचारते.

गाणं १९२८ चं, 'वेटिंग फॉर अ ट्रेन'.

"काय म्हणतोय रे?" मेथी निवडता निवडता प्रश्न आला.

"खिशात दमडी नाही. मालगाडीत लपून घरी निघालाय. ब्रेकमनने पैसे मागितले, नाहीत म्हटल्यावर मधेच उतरवलं."

"बरं केलं!" काका खंडवा लाइनवर टीसी होते. विनातिकीट माणसाबद्दल या घरात दुसरं मत नाही. "आणि हा गाणारा कोण?"

"तो स्वतःच रेल्वेत ब्रेकमन होता."

आत्याने जुडी खाली ठेवली. "म्हणजे उतरवणाराच रडतोय?"

मी पंधरा वर्षं कंट्री गाणी ऐकतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात जिमीने बिनशब्दांचं योडलिंग सुरू केलं. "आणि ह्याचा अर्थ?" अर्थ नाही म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. मी घाईने किशोरकुमारला मधे घातलं. किशोर म्हणजे घरचाच. खंडव्याचा पोरगा, शिकायला आमच्या ख्रिश्चन कॉलेजात. भाऊ अनूपकुमारच्या परदेशी तबकड्या ऐकून तो हे शिकला, आणि १९७१ च्या 'अंदाज'मध्ये राजेश खन्नाने हेमामालिनीला मोटारसायकलवर मागे बसवून किशोरच्याच आवाजात तेच केलं.

"हां, ते!" आत्या खुलली. "पण मग प्रेम कुठंय यात?"

"शब्द संपल्यावर जे ओरडतात ना, त्यात."

"बायको मागे बसलीये, तरी ओरडतो?"

मग मी घराच्या ओढीवर आलो. खरं तर भटकंती आम्हा इंदुरी लोकांना मानवत नाही. पुण्यात नोकरीला गेलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात पोह्यांवर भुरभुरायचं जीरावण मागवतो. तिथल्या पोह्यांना तो पोहे म्हणतच नाही. किशोर मुंबईला गेला, पण १९८७ साली अंत्यसंस्काराला खंडव्यालाच आणला, त्याचीच तशी इच्छा होती. हे सांगितल्यावर आत्या गप्प झाली. मला वाटलं, अर्थ लागला.

पण मी आगाऊपणाने किशोरच्या कॉलेजच्या कँटीनचा किस्सा जोडला. उधारी पाच रुपये बारा आणे. कँटीनवाला तगादा लावायचा आणि हा तोच आकडा चालीत म्हणायचा, असं इंदुरात सांगतात. 'चलती का नाम गाडी'तलं गाणं त्यातूनच आलं म्हणे. आता खंडवा लाइनसाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये दिले, तेही साडेचार टक्के व्याजाने. उधारीच्या बाबतीत आत्या त्याच परंपरेतली.

"ते पावणेसहा रुपये फेडले का त्याने?"

याला योडलिंगच उत्तर होतं. मी गळा साफ करून लावून बघितलं. ठसका लागला, आत्या पाणी आणायला उठली.