रिकाम्या पट्ट्याची कमाई

कुवेतला खडी फोडायला डोंगर नाहीत. त्यामुळे बांधकामाची खडी अमिरातीतून जहाजाने येते, आणि ती किती आली याची तीन उत्तरं मिळतात. जहाज पाण्यात किती बुडालं होतं ते पाहून सर्व्हेअर एक देतो, ट्रकचा वेब्रिज दुसरं आणि माल वाहणाऱ्या पट्ट्याखाली बसवलेला आमचा बेल्टकाटा तिसरं. तिसऱ्याचा मान मोठा. त्यात दशांशचिन्हापुढे तीन आकडे असतात ना!

शुवैखच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या आणि टायरवाल्यांच्या गर्दीत आमचं वर्कशॉप आहे. काटे बसवणं आणि पुढे जन्मभर त्यांच्या वतीने भांडणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

काट्याचं काम तसं सरळ. पट्ट्याच्या एका मीटरवर किती माल आहे ते रोलरखालचा लोडसेल सांगतो, पट्टा किती पळतोय ते वेगमापक. दोघांचा गुणाकार करायचा आणि बेरीज करत राहायचं. पण लोडसेल भोळा. अंगावर जे पडेल ते माल. रोलर मिलिमीटरभर वर आला, चौकटीवर पूड साचली, पन्नास अंशांच्या उन्हात पट्ट्याचा ताण बदलला, सगळं बिलात! धुळीचं वादळ येऊन गेलं की रिकामा पट्टासुद्धा कमावता होतो.

म्हणून अधूनमधून पट्टा रिकामा पळवून, पुऱ्या फेऱ्या मोजून झिरो घ्यावा लागतो. तसं सांगितलं की प्लांटचा मिसरी इंजिनियर माझ्याकडे बघतो ते मी त्याची किडनी मागितल्यासारखं. "प्लांट थांबवू? बुक्रा (उद्या), इन्शाल्ला!"

ओआयएमएल या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आर-५० या शिफारशीत ०.५ वर्गाच्या काट्याला पहिल्या तपासणीत पाव टक्का चूक माफ आहे, वापरात आल्यावर अर्धा टक्का. लग्नानंतर माणूस सैलावणारच, हे नियम करणाऱ्यांनीही धरून चाललंय. तीस हजार टनांच्या जहाजावर हा अर्धा टक्का म्हणजे दीडशे टन. एवढी खडी नुसत्या कागदावर जन्मते किंवा वारते. शिवाय माल पट्ट्यावर कोसळतो त्या तोंडाशीच काटा बसवला, तर चूक टक्का-दोन टक्क्यांवर सहज जाते. पण जागा ठरवताना आम्हाला विचारतो कोण? जिथे दुसरं काही मावत नाही, तिथे काटा.

माल विकणारा म्हणतो काटा कमी दाखवतो, घेणारा म्हणतो जास्त. दोघांचेही फोन मलाच. मात्र आकडा स्वतःच्या फायद्याचा असताना "जरा काटा तपासून जा" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

खरं वजन हवंच असेल, तर पट्ट्यावरून गेलेला माल ट्रकमध्ये भरा, तपासलेल्या वेब्रिजवर तोला आणि बेल्टकाटा त्या आकड्याशी जुळवा. फक्त एक सांभाळा. रिकामा ट्रक तोलताना ड्रायव्हर आत असेल, तर भरलेला तोलतानाही त्याला आतच बसवा. तो मधेच चहाला गेला, तर तेवढी खडी कमी भरते.