बिनपगारी, फुल अधिकारी

सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर करून घ्यायला मी जेवढं डोकं चालवलं, तेवढं एरवी कामात चालवलं असतं तर रजेची वेळच आली नसती. पण डोंबिवली ते सीएसएमटी एका पायावर उभं राहून अर्धी हयात गेली, की पंचेचाळिशीच्या आसपास माणसाला भलतेसलते विचार सुचू लागतात. आपल्यातला खरा माणूस त्या गर्दीतच कुठेतरी चेंगरून गेला, असं वाटायला लागतं. माझ्यातला तो खरा माणूस तबला वाजवायचा, महाभारत वाचायचा आणि दुपारी दोन तास झोपायचा.

आमच्या एचआरने ‘सबॅटिकल’ नावाचं धोरण आणलं होतं. परिपत्रकात थोडा इतिहासही होता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली प्राध्यापकांना सातव्या वर्षी अशी रजा द्यायला सुरुवात केली, वगैरे. ते प्राध्यापक रजेवरून येताना ग्रंथ लिहून आणत म्हणे. मी विम्याचे दावे तपासतो. माझ्याकडून ग्रंथाची अपेक्षा कुणी केली नसती, पण अर्जात काहीतरी भारदस्त हवं म्हणून मी ‘सखोल वाचन’ असं लिहून टाकलं. साहेबांनी सही करता करता विचारलं, “बरं आहे ना सगळं घरी?”

महाभारताचा माझा हिशेब सोपा होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं आणि १९६६ साली पुरं केलं. एवढ्या विद्वानांना तयार करायला सत्तेचाळीस वर्षं लागली, तर आपल्याला नुसतं वाचायला सहा महिने रग्गड झाले. मराठी भाषांतराचे सगळे खंड एकदम मागवले. ते हॉलमध्ये रचून झाल्यावर बायको म्हणाली, “बरं झालं, सोफ्याजवळ टीपॉय हवाच होता.” ती शाळेत शिकवते, त्यामुळे आरंभशूर मुलं तिला लांबूनच ओळखू येतात.

रजा सुरू झाली त्या सोमवारी मी सकाळी नऊ वाजता बर्म्युडा घालून दूध आणायला खाली उतरलो. एवढं पुरलं. जिन्यात चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “एआयमुळे का?” मी रजेवर आहे म्हटल्यावर त्यांनी आणखी मायेने मान डोलावली. संध्याकाळपर्यंत दोन बिऱ्हाडांतून डबे आले. वॉचमन एरवी उठून सलाम करायचा, तो आता शेजारची खुर्ची सरकवून “बसा” म्हणू लागला.

घरच्यांनी मात्र शोक वगैरे केला नाही. त्यांनी यादी केली. आत्याला मोतीबिंदूच्या तपासणीला न्यायचं होतं. चुलतभावाला विमानतळावर सोडायचं होतं, तेही पहाटे साडेतीनला, कारण “तुला काय, दिवसा झोपता येईल.” गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नंतरची वारस नोंद कुणी केलीच नव्हती. ते काम दोन पिढ्या ‘कुणाला तरी सवड झाली की’ या सदरात पडून होतं आणि ती सवड म्हणजे मी, असं कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमताने ठरलं. ठरलं तेव्हा मी झोपलो होतो. गॅसवाला, मीटरवाला, आरओवाला, पेस्ट कंट्रोलवाला या सर्वांना शेजारपाजारच्या आठ घरांनी माझा नंबर देऊन ठेवला. किल्ल्या आमच्याकडे असत. दुपारी डोळा लागायला आणि कुणाचं तरी कुरियर यायला एकच मुहूर्त.

तेव्हा मला कळलं की नोकरी माझा वेळ खाते ही माझी तक्रार साफ उलटी होती. इतकी वर्षं नोकरीच माझा वेळ राखत होती. “ऑफिस आहे” या दोन शब्दांत केवढी ताकद आहे, हे ते म्हणता येईनासं झाल्यावर समजतं. साखरपुडे, सत्यनारायण, बदलापूरच्या मामांचं नवं घर, वर्गमित्रांचं स्नेहसंमेलन, सगळं या दोन शब्दांनी परस्पर परतवलेलं होतं. आता तो उंबरठाच गेला. “महाभारत वाचतोय” हे कारण कुणी कारण म्हणून धरत नाही. मी आत्याला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मग वाच की गाडीत. सिग्नलला थांबतोसच ना?”

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि माझी रजा नेमकी जुलैत सुरू झाली होती. जुन्या सेक्रेटरींनी गुडघ्याचं कारण सांगून राजीनामा दिला होता. सभेत ‘सेक्रेटरी कोण?’ हा विषय आला आणि गच्चीवर अशी शांतता पसरली की खालच्या पंपाचा आवाज ऐकू यावा. मग चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “आपल्यात एक जण सध्या मोकळे आहेत.” सगळ्या माना वळल्या. त्यात माझ्या बायकोचीही होती.

पगार नाही पण अधिकार आहे, या कल्पनेने मी थोडा फुशारलो हे खरं. महाभारताच्या खंडांवर आदर्श उपविधींचं पुस्तक येऊन बसलं आणि ते मात्र मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. सांगतो, भाऊबंदकीच्या बाबतीत ते व्यासांच्या फार मागे नाही. सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखं, मग घर वन बीएचके असो की टू. लिफ्टचा खर्चही सर्वांना सारखा, म्हणजे तळमजल्यावरच्या आजोबांनीसुद्धा द्यायचा. त्यांनी लिफ्टमध्ये आजवर पाऊल टाकलेलं नव्हतं. मी त्यांना नियम दाखवला. दुसऱ्या दिवसापासून ते नातवाला घेऊन सकाळ-संध्याकाळ वर-खाली फेऱ्या मारू लागले. पैसे वसूल. विजेचं बिल वाढलं, ते पुन्हा सर्वांत सारखं वाटलं. तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू होता. सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क लावलं, तेव्हा तो भाडेकरू नसून भाचा असल्याचं निष्पन्न झालं. भाचा आडनावाने, भाषेने आणि चेहऱ्यानेही मामांशी कुठेच जुळत नव्हता. पण रक्ताच्या नात्याबद्दल सेक्रेटरीने किती बोलावं?

खरा घोळ घातला नळांनी. उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार प्रत्येक घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर लावायचा असतो. आमच्याकडे इमारत झाली तेव्हा कुणीतरी नळ मोजले होते आणि तोच आकडा चालू होता. वीस वर्षं दावे तपासल्यामुळे असा आकडा दिसला की माझे हात शिवशिवतात. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र अडकवलं (ते मीच छापून घेतलं होतं), आणि नळांच्या पाहणीला निघालो.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वयंपाकघरातले दोन नळ दाखवले आणि मोरीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. “आत काही नाही.” आत बादली भरत होती, आवाज येत होता. “ते होय? तो शॉवर आहे. शॉवरला नळ कोण म्हणतं?” मी पुस्तक उघडलं तशी त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली. पोहे खाऊन मी शॉवर मोजला. त्यानंतर त्या घरात मला पाणीदेखील मिळालेलं नाही.

चौथ्या मजल्यावर काकांनी स्वतः हिंडून सगळे नळ दाखवले. बाल्कनीतल्या नळाच्या तोंडाला मात्र सुतळीने फडकं बांधलेलं होतं. “हा बंद आहे. आमचे वडील गेले तेव्हापासून.” मी आदराने मान खाली घातली. खाली पाहिलं तर फडक्याच्या टोकाला थेंब जमत होता, टपकन पडत होता, आणि बरोबर त्याच्याखाली मोगऱ्याची कुंडी ठेवलेली होती. मोगरा झकास फुलला होता. मी तक्त्यात ‘१’ लिहिला. काका म्हणाले, “वडिलांचं तरी काही राखायचं होतंत.”

शेवटी नियमाला धरून स्वतःच्या घरीही पाहणी केली. मोजायला कन्येला बसवलं, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. ती अतिशय प्रामाणिक आहे, हा दोष तिच्यात आईकडून आला असावा. “बाबा, वॉशिंग मशीनचा धरायचा ना? फिल्टरचा? गेल्या वर्षी तुम्ही हौसेने कुंड्यांसाठी बसवलात तो? आणि तुमच्या बाथरूममधला तो आडवा फवारे मारणारा?” तक्ता पुरा झाला. अख्ख्या इमारतीत सर्वांत जास्त नळ माझ्या घरात निघाले. नवीन आकारणीने सगळ्यांचं बिल थोडं थोडं उतरलं, आणि त्या सगळ्यांचं मिळून जेवढं उतरलं तेवढं माझं चढलं. तेही पगार बंद, पीएफ बंद आणि घराचा हप्ता चालू अशा महिन्यांत. संस्थेत माझी लोकप्रियता मात्र एकदम वाढली. असा सेक्रेटरी पुन्हा होणे नाही, असं जो तो म्हणू लागला. मोकळेपणाने हसून म्हणत.

तबल्याचंही सांगतो, फार नाही. तीनतालाच्या मात्रा सोळा. नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, मी पोहोचलो की वॉचमनचा फोन यायचा: टाकी भरून वाहतेय, पंप बंद करू का? गुरुजींनी काही दिवस सहन केलं. मग म्हणाले, तुम्ही समेवर कधी येणार ते मला माहीत नाही, पण ती टाकी रोज येते. महाभारतात मी आदिपर्वात सर्पसत्रापर्यंत गेलो. एवढ्या सापांना एकत्र बोलावून आहुती देण्याची कल्पना कमिटीसमोर मांडावी असं वाटण्याइतका तो भाग मनापासून वाचला, हे नोंदवून ठेवतो.

रजा संपली त्या सकाळी मी लोकलच्या दारात लोंबकळत होतो, मागून कुणाची तरी बॅग बरगडीत रुतत होती, आणि आत्याचा फोन आला. मी जवळजवळ गाऊन म्हणालो, “आत्या, ऑफिस आहे!”

एचआरने पहिल्याच आठवड्यात ‘सबॅटिकलमधून काय शिकलो’ या विषयावर सादरीकरण ठेवलं होतं. तबला आणि महाभारत मिळून दीड स्लाईड झाली. उरलेल्या वेळात मी नळांचा तक्ता दाखवला. तरुण मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. साहेब मात्र टक लावून पाहत होते. संपल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. बढती म्हणावी तर चेहरा गंभीर, नारळ म्हणावा तर स्वतः चहा ओतला. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्या टॉवरमध्ये वरच्या फ्लॅटमधून बेडरूममध्ये गळती आहे. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. खर्च कुणाचा?”

मी बॅगेतून उपविधी काढले, चष्मा लावला आणि विचारलं, “साहेब, गळती पावसाची, की वरच्यांच्या मोरीची?”