कबड्डीच्या सामन्यात दोरीबाहेरून निवाडा कसा द्यावा : वऱ्हाडातील होतकरू प्रेक्षकांस मार्गदर्शन

कबड्डीच्या सामन्यात अलीकडच्या अंगणात सात आणि पलीकडच्या अंगणात सात असे चौदा खेळाडू असतात, आणि त्यांच्यावर एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व त्याचे दोन सहाय्यक अशी सहा जणांची कचेरी नेमलेली असते, असे नियमावलीत लिहिलेले आढळते. परंतु अमरावती-अकोल्याकडे ज्याने म्हणून एखादा रात्रीचा सामना उभ्याने पाहिला असेल, त्याला हे पक्के ठाऊक आहे की मूळ निवाडा दोरीच्या अलीकडे दाटीवाटीने उभ्या असलेल्या समुदायाकडून होत असतो आणि आतल्या सहा जणांकडे केवळ त्याच्या अंमलबजावणीचे, तेही बहुधा चुकीच्या अंमलबजावणीचे, काम उरलेले असते. या मानाच्या पदाला नेमणुकीचा हुकूम लागत नाही, शिट्टी लागत नाही, आणि दिलेल्या निकालाची जबाबदारीही पडत नाही. इतके सुखाचे पद उभ्या वऱ्हाडात दुसरे नसताना त्याची रीतसर शिकवण कोणी लिहून ठेवली नाही, ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम अधिकाराचा प्रश्न. तुला निवाडा देण्याचा अधिकार कोणी दिला, असे एखादा अरसिक इसम विचारील, तर अमरावतीकराने मुळीच गडबडू नये. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली वैद्य बंधूंनी केली, आणि १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता याच मंडळाच्या पथकाने तेथे हुतूतूसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, हा इतिहास आहे. आणि ज्या गावच्या पोरांनी जर्मनीत जाऊन दम घातला, त्या गावच्या रहिवाशाला पंचाची चूक काढण्याचा वंशपरंपरागत हक्क पोहोचतो, हे त्यातून आपोआप सिद्ध होते. (बर्लिनच्या प्रेक्षकांना नियमांची गंधवार्ता नसणार, तेव्हा या खेळाच्या इतिहासात प्रेक्षकांनी एकाही निकालावर हरकत न घेतलेला प्रसंग तेवढा एकच असावा, असा माझा तर्क आहे.) अकोलेकराला असा दस्तऐवज दाखविण्याची गरजच नाही. अमरावतीकर जे म्हणेल त्याच्या उलट तेवढे खरे, या एका सूत्रावर त्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या अबाधित चालत आलेला आहे.

अधिकार सिद्ध झाल्यावर जागा धरावी. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, आणि तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय अधांतरी असावा, म्हणजे त्याला एक गुण मिळतो. आता हा मागचा पाय अधांतरी होता की जमिनीला चिकटलेला होता, याचा निर्णय पंचाने नुसत्या डोळ्यांनी आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करायचा असतो, आणि त्यासाठी तो बिचारा रेषेच्या काठाशी वाकून उभा असतो. प्रेक्षकाने अशी चूक करू नये. रेषेजवळ उभे राहिले की रेषा दिसते, पाय दिसतो, आणि मग मत बनविण्याचे स्वातंत्र्य फार संकुचित होते. त्यापेक्षा विरुद्ध कोपऱ्यात, शक्यतो दोन उंच माणसांच्या मागे आणि दिव्याच्या खांबाच्या आड उभे राहावे, म्हणजे बोनसचा निर्णय आपल्या संघाच्या गुणसंख्येकडे पाहून करता येतो. मातीच्या मैदानावर तर निसर्गही साहाय्यास येतो. संध्याकाळी मारलेली फक्की मध्यंतरापर्यंत पायाखाली पुसून जाते आणि जी रेषा कोणालाच दिसत नाही ती प्रत्येकाला आपापल्या सोयीच्या ठिकाणी निःसंशय दिसू लागते. अलीकडे रबरी मॅट आल्यापासून रेषा पुसली जात नाही, ही प्रेक्षकवर्गाची मोठीच गैरसोय झाली आहे. पण मॅटवर गुडघे सोलत नाहीत हे मात्र खेळाडूंच्या दृष्टीने मान्य केले पाहिजे.

यानंतरचा आणि सर्वांत कठीण विषय म्हणजे दम. चढाईपटूने प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी ‘कबड्डी’ हा उच्चार सुरू केलेला असला पाहिजे आणि तो एका श्वासात, अखंड व स्पष्ट चालू राहिला पाहिजे. उच्चार उशिरा सुरू झाला तर त्याला परत पाठवून प्रतिपक्षाला एक गुण व चढाईची पाळी मिळते, आणि मध्येच दम तुटला तर तो बाद. नियम उत्तम आहे. परंतु त्याची तपासणी कानांनी करावयाची आहे, आणि कानांवर त्या वेळी काय काय येत असते त्याचीही नोंद घेतली पाहिजे : तीन बाजूंनी दोन-अडीच हजार कंठ, मागे ढोल-ताशा, शिवाय ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे वाचून दाखविणारा एक गृहस्थ, जो सामना संपला तरी थांबत नाही. या गदारोळात चढाईपटूच्या ओठांतून निघणारा तो पुटपुटता जप फार तर तीन माणसांना ऐकू जातो : स्वतः त्याला, त्याचा पाय धरावयाला टपलेल्या कोपऱ्यातल्या गड्याला, आणि नशीब बरे असेल तर पंचाला.

येथेच निष्णात प्रेक्षकाचे कौशल्य दिसते. प्रतिपक्षाचा गडी चढाईला आला की त्याने जिवाच्या आकांताने ओरडावे, इतके की पंचाला स्वतःच्या शिट्टीचाही आवाज येऊ नये, आणि गडी गुण घेऊन परतला की त्याच दमात, त्याच घशाने, “दम तुटला होता न! आयकू येत नाही का तुमाले?” अशी फिर्याद दाखल करावी. पंचाला ऐकू येऊ नये अशी व्यवस्था आपणच केली होती, ही गोष्ट फिर्यादीच्या आड येत नाही, कारण ओरडणारा आणि फिर्याद करणारा हे कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे इसम होत. आपल्या गड्याचा दम दोनदा तुटून तिसऱ्यांदा जोडला गेला असेल, तर मात्र मौन पाळावे. साधकाला मौनाचा अभ्यासही आवश्यक आहे.

दमाविषयी माझे स्वतःचेही एक मत आहे, जे आजवर कोणी विचारलेले नाही. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा घालून दिल्यापासून दमाचा दरारा उतरला. पूर्वी चढाई किती वेळ चालायची हे छाती ठरवीत असे. आता ते घड्याळ ठरविते, आणि ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार मंगलाष्टकांतल्या सावधानासारखा, म्हटल्याशिवाय चालत नाही पण ऐकतो कोण, अशा अवस्थेला आला आहे. याउलट दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, हा नवा दंडक मला अत्यंत पसंत आहे, कारण त्यामुळे मध्यरेषेवर नुसता फेरफटका मारून परतणाऱ्या सावध मंडळींची सोय बंद झाली. तिघे किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असता त्यांनी केलेल्या पकडीला एक गुण अधिक देण्याची तरतूदही न्यायाची आहे. नियम करणारी माणसे कधी कधी शहाणपणाने वागतात, एवढे म्हणून पुढे जातो.

नियमांच्या ज्ञानाबद्दल सांगायचे तर ते असावे, पण एकाच सालचे नसावे. या खेळाला नियमांची कधीच वाण नव्हती. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार पूर्वी नांदत होते, आणि एकात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, दुसऱ्यात सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे, तर तिसऱ्यात बाद होऊनही मैदानातच राही. पुढे नियम एकसारखे झाले, बुवा साळव्यांसारख्यांनी उभे आयुष्य या खेळात वेचले, १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डी पदकांच्या यादीत आली, आणि २०१४ पासून व्यावसायिक लीग सुरू होऊन नियमांना पुन्हा पालवी फुटू लागली. होतकरू प्रेक्षकाने आजोबांचे नियम, वडिलांचे नियम, संघटनेचे नियम आणि दूरचित्रवाणीवरील लीगचे नियम असे चारही कप्पे मनात तयार ठेवावे आणि ज्या वेळी ज्या कप्प्यातील नियमाने आपला संघ जिंकतो तो बाहेर काढावा.

हा मार्ग हलक्या लोकांचा आहे असे कोणी समजेल, म्हणून ७ ऑक्टोबर २०२३ चा हांगचौ येथील दाखला देतो. आशियाई स्पर्धेची पुरुषांची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण, गुण २८-२८, आणि वेळ जेमतेम मिनिटभर उरलेला. पवन सेहरावत चढाईला गेला. कोणाला स्पर्श होण्याआधीच तो कडेच्या लॉबीत गेला आणि त्याला धरण्याच्या भरात इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग लॉबीत उतरले. झटापट सुरू होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर गणली जाते. तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चढाईपटूही बाद आणि त्याच्यामागे गेलेले सगळे बाद. लीगच्या सुधारलेल्या नियमाप्रमाणे एकटा चढाईपटू बाद. पंचांनी एक निकाल दिला, मग तो फिरविला, मग पुन्हा फिरविला. दोन्ही संघ आळीपाळीने मैदानात बैठक मारून बसले. सामना सुमारे तासभर तहकूब राहिला. आणि अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. कागदोपत्री निकाल बरोबर होता, असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु तो कागद उघडायला तास लागावा, ही गोष्ट जगाच्या व्यासपीठावर शोभली नाही. वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला मात्र त्या दिवशी परमानंद झाला, कारण कप्पे बदलण्याची जी विद्या तो दोरीबाहेर आयुष्यभर करीत आला, तीच दोरीच्या आत, बिल्ले लावलेल्या अधिकाऱ्यांकडून, साक्षात घडताना त्याने पाहिली.

परदेशांतही याहून निराळे काही नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात १८९५ साली हडर्सफील्ड येथे वेगळा संसार थाटलेल्या रग्बी लीग नावाच्या खेळात प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटायचे असते, आणि ते नऊच हटले अशी ओरड करण्यात तिकडच्या प्रेक्षकांच्या पिढ्या खपल्या. हाच खेळ खेळणाऱ्या सिडनीकरांनी कंटाळून २०१६ साली चित्रफिती तपासण्याकरिता एका बंद खोलीत स्वतंत्र पंच बसविले. परिणाम इतकाच झाला की पूर्वी मैदानातल्या माणसाला आंधळा म्हणत, आता खोलीतल्यालाही म्हणतात.

भाषेविषयी दोन शब्द. निवाडा नेहमी मायबोलीत द्यावा, “कायचा बोनस बे, मांगचा पाय जमिनीवरच होता!” या वाक्यात जे वजन आहे ते पुस्तकी भाषेत येत नाही. पण पंच हा पुष्कळदा जवळच्याच शाळेतला क्रीडाशिक्षक असतो आणि आपल्या धाकट्याला तो उद्या कवायतीला उभा करणार असतो, हे ध्यानात ठेवून ओरडताना तोंड किंचित बाजूला वळवावे, आणि सकाळी भेट झाली की “नमस्कार सर, काल लय भारी पंचगिरी केली तुमी,” असे म्हणावे. खेळाडूने हुज्जत घातली तर त्याला हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातून बरखास्त. प्रेक्षकासाठी कोणत्याही रंगाचे कार्ड अद्याप निघालेले नाही, हे नियमावलीचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

सामना अकोल्यास असेल आणि आपण अमरावतीहून गेलो असू, तर निवाड्याचे मुख्य काम परतीच्या प्रवासात करावे, कारण परगावच्या मैदानावर आवाज बेताचाच लावलेला बरा. पूर्वी हा रस्ता असा होता की मूर्तिजापूर येईपर्यंत पूर्वार्धाचा आणि बडनेरा येईपर्यंत उत्तरार्धाचा सविस्तर पंचनामा आटोपत असे, आणि एखादे चाक पंक्चर झाले तर जादा वेळेत लोणाचाही फेरविचार होई. पुढे जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून जागतिक विक्रम केला गेला. देशाची प्रगती झाली खरी. पण गाडी आता इतकी लवकर पोहोचते की बोनसच्या एका वादाची कैफियत पुरी व्हायच्या आत बडनेरा येते, आणि बाकीची प्रकरणे पुढच्या सामन्यापर्यंत पडून राहतात.

आता शेवटची सूचना, आणि ती काळजीपूर्वक वाचावी. कबड्डी संघटना वेळोवेळी पंच परीक्षा घेतात. तीत उत्तीर्ण होणाऱ्याला शिट्टी मिळते, पांढरा पोशाख घालता येतो आणि रेषेच्या काठाशी वाकून अधांतरी पाय बघता येतो. या मार्गदर्शनाचा अभ्यास केलेल्या प्रेक्षकांपैकी कोणी त्या परीक्षेचा अर्ज भरू नये. आजवर ज्यांनी तो भरला, ते पुन्हा दोरीबाहेर उभे राहिले तरी त्यांचा आवाज चढत नाही, आणि असे मुके प्रेक्षक आपल्या संघाच्या काडीच्याही उपयोगाचे नसतात.