डिजिटल नागरिक : परभणी जिल्ह्यातील आढळ व संगोपन

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत डिजिटल नागरिक आढळतो. तो बारमाही आहे. मात्र खरिपाच्या तोंडावर, अतिवृष्टीनंतर आणि एखाद्या योजनेची शेवटची तारीख जवळ आली की सेतू केंद्रासमोर त्याचे थवेच्या थवे उतरतात. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात आधार, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड आणि या सर्वांच्या झेरॉक्स असतात, कारण कागदविरहित कारभाराला कागद फार लागतो. त्याची ओळख पटवण्याचे नेहमीचे मान्य मार्ग : अंगठा, ओटीपी आणि कॅमेऱ्यापुढे पापण्या मिचकावणारा चेहरा. अख्खे गाव त्याला बापाच्या नावासकट ओळखते, पण हा पुरावा ग्राह्य धरला जात नाही.

पैशाच्या बदलत्या रूपांची या जिल्ह्याला जुनी सवय आहे. निजामाच्या राज्यात इथे हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव होता. बाजारला निघालेला शेतकरी हे त्रैराशिक तोंडी सोडवी, तेही चार्जिंगशिवाय. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले आणि १९५० च्या दशकात हालीही गेला, पण त्याला जायला काही वर्षे दिली गेली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या नोटांना रात्री आठ ते बारा एवढा वेळ मिळाला. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त नोटा बँकांत परतल्या, असे पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले. तोवर नोटबंदीच्या मोहिमेचे उद्दिष्ट बदलून घेण्यात आले होते. काळा पैसा मागे पडला, रोकडरहित व्यवहार पुढे आले, आणि १ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातले धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. लोकांना गोडी लागावी म्हणून सरकारने सोडतही काढली. तिच्यात शेजारच्या लातूरच्या एका विद्यार्थिनीला मोबाईलच्या १,५९० रुपयांच्या हप्त्यावर १ कोटी रुपये लागले. काटकसर शिकवण्यासाठी लॉटरी आणि रोकड सोडवण्यासाठी कर्जाचा हप्ता, असा हा दुहेरी संस्कार होता.

यूपीआय ही सोय खरोखर चांगली आहे, आणि तिच्यावर टीका करणे त्यामुळेच अवघड जाते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत टपरीवरच्या चहाचे दहा रुपये दोन-तीन सेकंदांत पोचतात. पोचले नाहीत तर पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या म्हणीचा अर्थ गिऱ्हाइकाला नव्याने कळतो. देशातल्या यूपीआय व्यवहारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांकडून होतात; पहिल्याची मालकी वॉलमार्टकडे, दुसरे गुगलचे. म्हणजे जिल्ह्यातल्या मानवतच्या मोंढ्याबाहेरच्या चहात अमेरिकेचाही एक घोट असतो. कोणत्याही एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम २०२० मध्ये झाला. त्याची मुदत वाढत वाढत २०२६ अखेरवर गेली. शेतकऱ्याच्या मुदतीलाही वाढ मिळते, पण ती पंधरा दिवसांची.

या सेवेसाठी दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. कंपनीला व्यवहारातून फारसे मिळत नाही, व्यवहाराची माहिती मात्र मिळते, आणि त्या माहितीवर कर्ज, विमा व जाहिराती विकता येतात. टपरीवाल्याच्या गल्ल्यात किती जमले हे पूर्वी त्याच्या बायकोलाही नीट माहीत नसे. आता एक छोटा डबा प्रत्येक दहा रुपयांची दवंडी भर चौकात पिटतो आणि त्या डब्याचे भाडे टपरीवालाच भरतो. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूच्या भाजीवाल्यांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. माहिती तंत्रज्ञानाच्या राजधानीला नोटेचे गुण असे उशिरा कळले.

ओळखीचा विषय याहून किचकट आहे. देशातले पहिले आधार कार्ड २०१० मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. माणसाने कुठेही जावे, त्याचा अंगठा त्याच्यासोबत असेल, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात ऊसतोड करणाऱ्याच्या, खुरपणाऱ्या बाईच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजतात, आणि रेशन दुकानातले यंत्र ‘ठसा जुळत नाही’ म्हणते. यंत्राला जन्मात काम न केलेला अंगठा चटकन ओळखता येतो. उलट, इतर काही राज्यांत भामट्यांनी जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनवल्या व बँक खात्यांतून पैसे काढले. ते ठसे यंत्राला बिनतक्रार जुळले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठ्यासाठी तशी सोय अद्याप उपलब्ध नाही.

लाडकी बहीण योजनेत बहिणीला महिना १,५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून तिला ई-केवायसी बंधनकारक झाली, आणि तिच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार व ओटीपी मागितला गेला. ज्यांना दोघेही नव्हते त्यांचा ओटीपी कोणत्या लोकातून यावा, हा प्रश्न नंतर लक्षात आला. मग त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद द्यायची सोय झाली. इकडे त्याच योजनेत चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांवर पैसे गेल्याचे उघड झाले होते. व्यवस्था विधवेकडे नवरा मागत होती, आणि पुरुषाला बहीण म्हणायला तिची हरकत नव्हती.

जमिनीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि तलाठ्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आले. बांधावर रेंज नाही, रेंज असेल तिथे बांध नाही. तरी फोटो मात्र शेतात उभे राहूनच काढायचा. पुढे फार्मर आयडी आला. तो नसेल तर अतिवृष्टीच्या मदतीसाठी यादीत आपला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) शोधायचा, मग सेतूवर जाऊन पुन्हा अंगठा. पाण्याखाली गेलेली सोयाबीन सगळ्या गावाने पाहिलेली असते, पण पोर्टलने पाहिलेली नसते. एवढ्या डोळ्यांच्या पहाऱ्यात २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा सुरू झाला, आणि राज्यात सरकारी जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवर पिके उभी असल्याचे हजारो अर्ज आले. एका अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. २०२५ च्या खरिपात एक रुपयाची सोय बंद झाली. बोगस अर्जदारांचे त्यामुळे काही अडले नाही. त्यांनी दुसरी योजना पाहिली असेल.

शेतकऱ्याची कागदपत्रे त्याच्या नकळत कशी कष्ट करतात, याचा नमुना जिल्ह्यातच आहे. गंगाखेडच्या साखर कारखान्यावर, शेतकऱ्यांच्या नावे त्यांना न कळवता बँकांकडून कर्ज उचलल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. कारखान्याचे प्रमुख तुरुंगात असतानाच २०१९ ची विधानसभा लढले आणि त्याच गंगाखेडमधून निवडून आले. मतदाराची ओळख मात्र शाई लावण्यापूर्वी नीट पटवण्यात आली होती.

आता पाळत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातकी सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच असल्याचे ठरले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असे सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. जो सरकारला आपले लोकेशन देत नाही त्याला अनुदान नाही; जे सरकार न्यायालयाला माहिती देत नाही त्याला मात्र पुढची तारीख. २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीच घालून द्यावे, असा आदेश निघाला आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. परभणीत एवढ्या महागड्या उपकरणांची गरजही नाही. तिथला डिजिटल नागरिक आपला ओटीपी सेतूच्या रांगेत, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, स्वतः वाचून दाखवतो.

त्याच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. देशाची सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून मोकळे ठेवू शकते. कंपनीने माहिती सांडली तर तिला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो भारताच्या संचित निधीत जमा होतो, ज्याची माहिती सांडली त्याला त्यातून काही मिळत नाही. तक्रार ज्या मंडळाकडे करायची ते शक्यतो डिजिटल कार्यालय म्हणून चालेल, त्यामुळे पालम किंवा जिंतूरच्या माणसाला दिल्लीची गाडी पकडावी लागणार नाही. त्याची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.