घरासारखं

"अगदी घरासारखं आहे," असं मी म्हणालो तेव्हा बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला त्याच वेळी वाचता आली असती तर पुढचे चार दिवस आणि बरेच पैसे वाचले असते. पण माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये ते घर होतं. म्हापशापासून पाच-सहा किलोमीटर आत, जुनं, चिऱ्याचं, कौलारू. पुढे बल्कांव, म्हणजे दोन्ही बाजूंना बसायला कट्टे असलेली ती खास गोव्याची ओसरी. खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे. काच सहजी मिळत नव्हती त्या काळात गोव्यातले लोक पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवत आणि घरात दुधाळ उजेड घेत. मागे इवलासा पोहण्याचा तलाव. पंचवीस फोटो होते. त्यांपैकी एकाही फोटोत लहान मूल नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बायकोचं मत हॉटेलच्या बाजूने होतं. माझा मुद्दा असा, की हॉटेलच्या खोलीत थोरली (वय साडेचार) आणि धाकटा (चौदा महिने) आठ वाजता झोपले की दिवे मालवायचे, आणि मग मोठ्यांनी अंधारात मोबाइलच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत बसायचं. घर असलं की मुलं आत झोपतील, आपण बल्कांवावर गप्पा मारू. शिवाय स्वयंपाकघर आहे, म्हणजे धाकट्याच्या वरण-भाताची सोय झाली.

"मग कुकर घेऊ का बरोबर?" आईने विचारलं.

मी हसलो. आईचं लहानपण अशा प्रवासांत गेलंय. मे महिन्यात हवापालटासाठी देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये खोल्या भाड्याने मिळत, स्वयंपाक आपला आपण. तिचे वडील स्टोव्ह, पातेली, पोळपाट-लाटणं, वळकट्या आणि पाच मुलं घेऊन गाडीत चढत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. मी तिला फोटो दाखवला: संगमरवरी ओटा, चकचकीत शेगडी, टांगलेले चौदा वाइन ग्लास. "आता तसं नसतं गं. सगळं असतं." आईने चष्मा वर करून फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "वाट्या दिसत नाहीत."

वाट्या नव्हत्या. कुकर नव्हता, सांडशी नव्हती, लाटणं नव्हतं, गाळणं नव्हतं. मिठाच्या जागी गुलाबी खड्यांची बरणी होती आणि ते दळायचं लाकडी यंत्र. भाकरी भाजता येईल असं काही नव्हतं, पण चीज कापायच्या चार वेगवेगळ्या सुऱ्या होत्या, चारही बोथट. पुण्याहून आजरा-आंबोलीच्या वाटेने साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, त्यात घाटात थोरलीला दोनदा उलटी, असे आम्ही संध्याकाळी पोचलो, आणि आईने पसरट फ्रायपॅनमध्ये तुरीची डाळ शिजत घातली. ती पावणेदोन तास शिजत होती. धाकटा तेवढा वेळ ओट्याच्या पायाशी बसून अखंड रडत होता आणि मी त्याच्यासमोर वाइन ग्लास वाजवून दाखवत होतो.

दुसरा दिवस शुक्रवार. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध आहे. लोक तिथे मातीची भांडी, मोयऱ्याची लांबलचक केळी, सुके मासे बघायला लांबून येतात. आम्ही तिथे कुकर घेतला. तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा. आमच्या गोव्याच्या सहलीतलं पहिलं स्थलदर्शन ते. आई पूर्ण बाजारभर एक शब्द बोलली नाही, याची नोंद मी इथे करून ठेवतो.

आता वाटतं, चूक माझ्यापेक्षा मराठीची होती. 'सारखं' या शब्दाला आपण दोन अर्थ देऊन ठेवलेत: एक, त्याच्याप्रमाणे, दुसरा, न थांबता. 'घरासारखं' म्हणताना मी पहिल्याचे पैसे भरले आणि मला दुसरा मिळाला. सकाळचा चहा, दुधाच्या बाटल्या उकळणं, लंगोट धुणं, डाळ, भात, भांडी, केर, पुन्हा दूध. घरी जे करतो ते इथे सारखं करत होतो. फरक इतकाच, की घरी डोळे मिटून हात घातला तरी चमचा हाताला लागतो, इथे प्रत्येक चमच्यासाठी सहा ड्रॉवर उघडावे लागत. आणि धाकटा ते सहाही ड्रॉवर आमच्या आधी उघडून बसलेला असे.

आंघोळीचं प्रकरण वेगळंच. न्हाणीघर दिवाणखान्याएवढं होतं. छतातून पावसासारखं पाणी पडायची सोय, एक पूर्ण भिंत काचेची, काळ्या दगडाची फरशी, कोपऱ्यात बांबूचं झाड. बादली नव्हती. मगही नव्हता. छतातून पाणी कोसळायला लागलं तसा धाकट्याने असा टाहो फोडला की शेजारच्या वाड्यातली कुत्री भुंकायला लागली. थोरलीने "मी मोठी आहे" म्हणून आत पाऊल टाकलं आणि तितक्याच मोठेपणाने बाहेर काढलं. आपल्याकडे मुलाची आंघोळ म्हणजे पाटावर बसवून, तांब्याने, कपाळावर आडवा हात धरून, डोळ्यात पाणी जाऊ न देता घातलेली. ती छतातून कशी घालणार? शेवटी मी घराची देखरेख करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांना आधी वाटलं नळ बिघडला. मग मी म्हणालो, बादली हवीय. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातला पहिला खराखुरा समजूतदारपणा दिसला. ते स्वतःच्या घरून निळी प्लास्टिकची बादली आणि एक डबडा मग घेऊन आले. ती बादली हे त्या घरातलं धाकट्याचं सर्वांत आवडतं ठिकाण ठरलं. पुढचे तीन दिवस तो बादलीत बसून असे, पाणी असो वा नसो.

त्या लाखमोलाच्या तलावात आम्ही एकूण किती वेळ पोहलो याचा हिशेब मी केलाय: वीस मिनिटं. उरलेला वेळ तलावावर पहारा होता. त्याला कुंपण नव्हतं, कुंड्यांची एक रांग होती, आणि ती फोटोत छान दिसत असली तरी रांगणाऱ्या मुलाला कुंडी म्हणजे दोन कुंड्यांमधली वाट. रांगतं मूल घोटाभर पाण्यातही बुडू शकतं, हे एकदा माहीत झालं की निळं पाणी निळं दिसत नाही. मागच्या दाराला जुना लाकडी अडसर होता, तो थोरलीला दुसऱ्या दिवशी दुपारी काढता यायला लागला. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी नऊ ते अकरा मी, अकरा ते एक बायको, दुपारी आई. सुट्टीत मी इतका शिस्तीत ड्युटीवर कधीच नव्हतो. माडीवरच्या लाकडी कठड्याचे गजही मी मोजले. दोन गजांमधून लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून ते अंतर चार इंचांच्या आत ठेवावं, असा नियम बऱ्याच देशांत आहे. माझ्याकडे पट्टी नव्हती, म्हणून थोरलीचा चेंडू लावून पाहिला. चेंडू गेला, खाली बागेत पडला, आणि माडी आमच्यासाठी बंद झाली. म्हणजे भाडं दोन मजल्यांचं, राहणं एका मजल्यावर.

एक गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. जेवणाच्या टेबलावर विजेवर लुकलुकणाऱ्या पाच नकली मेणबत्त्या ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या मुठीत काहीतरी चमकलं. उघडून पाहिलं तर नाण्यासारखी चपटी बॅटरी. त्यांतल्या एका मेणबत्तीच्या बुडाचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं होतं. असली बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजून काढू शकते. बायकोने पाचही मेणबत्त्या उलट्या केल्या, मोजल्या. चार बॅटऱ्या जागेवर, पाचवी मुठीत. हिशेब जुळला. तिने त्या पाचही काढून उंच कपाटावर ठेवल्या आणि मग बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाण्याचा ग्लास दिला. वाइनचाच होता, दुसरा नव्हता.

राग कोणाचा करायचा? कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. या अल्पकाळ भाड्याच्या घरांच्या धंद्यातली आज जगभर पसरलेली एक कंपनी सुरू झाली तीच मुळी 2007 साली, सॅन फ्रान्सिस्कोत. एका परिषदेमुळे हॉटेलं भरली होती, आणि भाडं परवडेनासं झालेल्या दोन तरुणांनी आपल्या घरात हवेच्या तीन गाद्या टाकून तीन पाहुणे घेतले. त्या तीन पाहुण्यांतला एक तर मराठी आडनावाचा, तिकडे शिकायला गेलेला तरुण होता! ते वाचल्यावर मला फार अभिमान वाटला होता. पण हेही खरं, की तो एकटा गेला होता. कडेवर कोणी असतं तर गादीवर टाचणी किती सुरक्षित, इथपासून चर्चा झाली असती. माझा हा तर्क आहे, इतिहास नव्हे.

आणि रात्र. मुलं आत आणि आम्ही बल्कांवावर, हे माझं चित्र पहिल्या रात्री सव्वाआठला फाटलं. पलंग जुना, चार खांबांचा, इतका उंच की आईलाच पाटावर पाय ठेवून चढावं लागे. तिथून धाकटा पडला असता, म्हणून गाद्या खाली घेतल्या. गाद्या खाली आल्यावर थोरली तिच्या खोलीत एकटी कशाला झोपेल? रात्री साडेनऊला आम्ही पाचही जण एका खोलीत, अंधारात, मोबाइलच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत होतो. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की नव्या जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा एक अर्धा भाग पुरता झोपत नाही, राखण करत बसतो. मोठ्या माणसांचं हे. धाकट्याचे दोन्ही भाग राखणीला बसले होते. दाराजवळ लॅमिनेट करून लावलेल्या नियमांत सातवा नियम होता: रात्री दहानंतर आवाज करू नये. दीड वाजता त्याला कडेवर घेऊन फेऱ्या मारताना मी तो नियम त्याला तीनदा वाचून दाखवला.

कसाबसा पहाटे डोळा लागला, तर सहाला पों-पों. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर रबरी भोंगा वाजवत येतो, मागच्या टोपलीत गरम पोयो आणि उंडे. मला तो भोंगा तोंडात शिव्या आणणारा वाटला. धाकट्याला साक्षात्कार झाला. तो गादीवर ताडकन उठून बसला, एक बोट वर केलं, आणि पूर्ण सहलीतला पहिला आनंद त्याच्या चेहऱ्यावर उमटला. त्यानंतर रोज पावणेसहाला तो आपणहून उठून खिडकीशी वाट बघत उभा राही. पोयो चांगल्या होत्या, हे मान्य करतो.

सोफा पांढरा होता, हे सांगायचं राहिलं. चादरीही पांढऱ्या. हळदीच्या वरणाच्या देशात पांढरा सोफा कोणी ठेवावा, हा वेगळा लेख होईल. अनामत रकमेच्या भीतीने आईने पहिल्याच दिवशी आपल्या दोन जुन्या सुती साड्या त्यावर अंथरल्या. मग टेबलाच्या कोपऱ्यांना रुमाल बांधले गेले, बल्कांवावर लंगोटांची दोरी आली, ओट्यावर कुकर, दारात निळी बादली. तिसऱ्या संध्याकाळी बाहेरून आलो तेव्हा आई दारात थबकली. म्हणाली, "आता दिसतंय हं घरासारखं."

घर अकरा वाजता सोडायचं होतं आणि धाकटा साडेदहाला झोपतो. म्हणून तो गाडीत झोपला आणि आम्ही कुजबुजत सामान भरलं. काकांनी यादी घेऊन घर तपासलं. साड्यांखालचा सोफा पांढरा निघाला, वाइन ग्लास चौदा भरले. मग ते पूर्वेच्या खिडकीशी थांबले. एका चौकटीतून भसकन थेट ऊन येत होतं. शिंपला गायब. थोरलीला विचारलं तर तिने खिशातून काढून अभिमानाने दाखवला. आम्ही समुद्रावर एकदाच, पाऊण तास गेलो होतो आणि तिला तिथे एकही अखंड शिंपला मिळाला नव्हता. इथे खिडकीत शंभर होते. अनामतीतून पंधराशे रुपये कापले. कापणारे काका बिचारे माझ्याहून ओशाळले होते. जाताना त्यांनी मग तेवढा धाकट्याच्या हातात ठेवला. शिंपला परत घ्यायला मात्र ते विसरले. तो आता आमच्या फ्रीजवर आहे.

कुकरही आणला. घरी दोन आहेतच, हा तिसरा. पुढच्या वेळी लागेल म्हणून आईने माळ्यावर टाकायला दिला. पुढच्या वेळी म्हणजे कधी, हे बायकोने विचारलं नाही, फक्त पुन्हा त्याच नजरेने पाहिलं. या वेळी मला वाचता आली.

काल शनिवार होता, सुट्टीचा. सकाळी पावणेसहाला जाग आली. धाकटा खिडकीचे गज धरून खाली रस्त्याकडे बघत उभा होता. हातात काकांनी दिलेला डबडा मग. थोडा वेळ वाट बघून त्याने मग तोंडाला लावला आणि आतून, शेजारच्या तिन्ही फ्लॅटना ऐकू जाईल असा आवाज काढला. पों-पों.