हयातीचा दाखला

मी तोच मी कशावरून, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी युरोपातील तत्त्ववेत्त्यांनी शतकेच्या शतके शाई खर्ची घातली. आमच्या गावच्या ट्रेझरीत तोच निकाल दरसाल नोव्हेंबरात दोन शिक्क्यांच्या दरम्यान दिला जातो. सदरहू पेन्शनर दस्तुरखुद्द हजर आहे, एवढे कारकुनाच्या दृष्टीस पडले की माझे अस्तित्व पुढील वर्षापुरते मंजूर होते. असणे म्हणजे कोणाच्या तरी प्रत्ययास येणे, हा बर्कलीचा १७१० मधला सिद्धांत मला कॉलेजात अगदीच हवेतला वाटे. परंतु कारकून मान वर करीपर्यंत ज्याने त्या गजांसमोर अर्धा दिवस तिष्ठत काढला आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

यंदा त्याने मान वर केली आणि घोटाळा झाला. पेन्शनबुकात ओळखीची खूण म्हणून ‘नाकाच्या डाव्या बाजूस चामखीळ’ असे नमूद आहे, आणि ती चामखीळ गतवर्षी निमूटपणे गळून पडलेली.

“आजोबा, चामखीळ कुठाय?”

“गेली.”

“मग तुम्ही तेच कशावरून?”

याच पेचात लॉकने स्मृतीचा आधार घेतला होता: राजपुत्राच्या आठवणी मोच्याच्या देहात शिरल्या, तर तो इसम राजपुत्रच. त्या भरवशावर मी पहिल्या नेमणुकीची तारीख, तेव्हाच्या हेडमास्तरांचे नाव आणि रोखलेली वेतनवाढ घडाघडा म्हणून दाखवली.

“हे काय, पाठही करता येतं,” तो म्हणाला. लॉकच्या टीकाकारांनी प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली, पण इतका आटोपशीर आक्षेप त्यांच्यापैकी कोणी घेतल्याचे मला स्मरत नाही.

ह्यूमचे मात्र मला नेहमीच नवल वाटत आले आहे. अंतरंगात कितीही डोकावले तरी ऊन-थंडी, राग-लोभ, सुख-दुःख यांची ये-जा तेवढी आढळते, या सर्वांचा धनी असा कोणी ‘मी’ भेटतच नाही, असे त्याने १७३९ साली जाहीर केले. आणि पुढे याच गृहस्थाने सरकारी पेन्शन स्वीकारले! धनीच जागेवर नसता रक्कम घेतली कोणी व पोच दिली कोणी, याचा खुलासा त्याने कोठे केलेला नाही. आपल्या विवेचनाने आपलेच समाधान झाले नसल्याची कबुली मात्र दुसऱ्याच वर्षी पुरवणी जोडून त्याने दिली. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे विचारून मिलिंद राजाला निरुत्तर करणाऱ्या नागसेनावर ती पाळी आली नाही. भिक्षूला पेन्शन नसते.

“बरं, सही करा,” कारकून खेकसला. आपण रडतो म्हणून आपल्याला दुःख होते, असे विल्यम जेम्सने १८८४ साली प्रतिपादन केले होते. त्यास अनुसरून, माझा हात थरथरू लागल्याचे पाहून मला संताप आला असावा असे अनुमान मी काढले. सही अर्थातच वेडीवाकडी झाली. पण बुकातली नमुन्याची सहीही, निवृत्त होताना, अशाच थरथरत्या हाताने केलेली होती. दोन्ही तंतोतंत जुळल्या. कारकुनाने त्या पुन्हा एकदा ताडून पाहिल्या, टाक दौतीत बुडवला आणि शेरा मारला: ‘इसम हयात. चामखीळ मयत.’